भरल्या तोंडाचे शिंगाळे

ठाण्याच्या मासळी बाजारात शिंगाळा कुणी हौसेनं विकत घेतल्याचं मला आठवत नाही. पापलेट संपलं, सुरमई परवडेना आणि घरी पाहुणे तर येऊन बसलेत, असं झालं की बायका नाइलाजानं त्या टोपलीकडे वळायच्या. आधी नाक मुरडायचं, चिखलातला मासा म्हणून नावं ठेवायची आणि मग दोन तुकडे वर मागून घ्यायचे, अशी रीत. दिसायलाही तो देखणा नाही. अंगावर खवले नाहीत, रंग गाळाचा, तोंडाभोवती मिशा आणि पाठीवर व दोन्ही कुशींना असे काटे, की हातात घुसले तर माणूस दोन दिवस ठणकत बसतो. खाडीच्या तळाशी गाळात तोंड खुपसून मिळेल ते खायचं, एवढंच त्याचं आयुष्य, असं मी समजत होतो. या माशाच्या जिवावर मी तीन वर्षं सरकारी पगार खाल्ला. त्या काळात मला त्याची जेवढी किळस यायची, त्याच्या निम्मी जरी स्वतःची आली असती तरी पुढचं बरंच टळलं असतं.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती आणि सरकारला जिथं तिथं पाहणी करायची हौस आली होती. विहिरींची पाहणी, गुरांची पाहणी, तशीच खाडीतल्या मासळीची. मी प्राणिशास्त्राचा बी.एस्सी. होतो, तेही रसायनशास्त्राला जागा मिळाली नाही म्हणून. आम्ही डोंबिवलीचे. घरात सात पिढ्यांत कुणी मासा शिवलेला नाही, ही आमच्या घराण्याची सगळ्यात मोठी कर्तबगारी. मी संध्याकाळी घरी आलो की आई मला मागच्या दारीच थांबवायची, विहिरीवर आंघोळ करायला लावायची आणि कपडे काठीनं उचलून वेगळ्या बादलीत टाकायची. नातेवाइकांना आम्ही 'संशोधन खात्यात आहे' एवढंच सांगत असू; कशाचं संशोधन हे कुणी विचारलं तर वडील एकदम राजकारणावर बोलायला लागायचे. पगाराला मात्र कसलाच वास येत नसे. तो आई थेट देवापुढं ठेवायची.

आमची कचेरी म्हणजे ठाण्याच्या बंदराच्या रस्त्यावरची एक खोली. तिथे मी आणि आमचे साहेब. साहेब वर्षभर परदेशात राहून आले होते आणि ते वर्ष त्यांच्या बोलण्यातून कधी संपलंच नाही. खाडीतल्या मासळीचे ते तज्ज्ञ. तीन वर्षांत ते बंदरावर दोनदा आलेले मी पाहिले. पहिल्यांदा नाकाला रुमाल लावून पाच मिनिटं उभे राहिले आणि दुसऱ्यांदा ओहोटी होती म्हणून जीपमधून उतरलेच नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते काय, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो. त्यांची चेष्टा करायला मला आजही आवडतं, पण ती फार ताणता येत नाही, कारण मीही काही उंटावरून खाली उतरलो नव्हतो. माझा उंट थोडा बुटका होता, एवढाच फरक.

माझी जागा हंगामी होती. शिंगाळ्याचा अहवाल वर गेला की तुम्हाला कायम करून घेऊ, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. काम सोपं होतं. बंदरावर येणारे शिंगाळे मोजायचे, पोट फाडून आत काय खाल्लंय ते बघायचं, नर की मादी ते बघायचं, अंडी असली तर किती मोठी ते लिहायचं आणि दर महिन्याला तक्ता भरायचा.

आता बंदरावर मासळी दोन तऱ्हेनं यायची. गळाच्या दोऱ्या टाकणारी लहान होडकी थेट दगडी पायऱ्यांना लागत. डोलीच्या होड्यांचं तसं नव्हतं. डोल म्हणजे खाडीत खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं लांबलचक जाळं. भरती-ओहोटीच्या ओढीनं मासळी त्यात आपोआप शिरते. त्या होड्या पाण्याच्या वेळेप्रमाणे कधीही येत आणि ओहोटी असली की लांब चिखलात थांबत. तिथवर जायचं तर गुडघाभर गाळ तुडवावा लागे. माझ्याकडे चामड्याच्या बुटांचा एकच जोड होता. तेव्हा मी पायऱ्यांवर उभा राहून गळाचे मासे मोजले. तीन वर्षं मी फक्त गळाचेच मासे मोजले आणि त्याला शास्त्र म्हणालो.

त्या तक्त्यांतून एक गंमत निघाली. नारळी पौर्णिमा झाली की पुढे दिवाळीपर्यंत मी फाडलेल्या शिंगाळ्यांत एकही नर सापडेना. सगळ्या माद्या. पहिल्या वर्षी वाटलं योगायोग असेल. दुसऱ्या वर्षीही तेच झालं, तेव्हा मी साहेबांना दाखवलं. साहेबांना ब्रह्मानंद झाला. त्यांनी तिथल्या तिथे सिद्धांत मांडला, की विणीच्या हंगामात शिंगाळ्याचे नर खाडी सोडून खोल समुद्रात निघून जातात. तो सिद्धांत त्यांनी एका परिषदेत वाचूनही दाखवला. त्यात माझे साधे आभारही मानले नव्हते, म्हणून मी आठ दिवस घुश्शात होतो. आज त्या निबंधावर माझं नाव नाही, याच्याइतकं दुसरं समाधान नाही.

तिसऱ्या वर्षी खात्याची मोटरबोट आली. तिला जाळं लावायचं आणि ते खाडीच्या तोंडाशी तळ खरवडत ओढत न्यायचं, म्हणजे तळाची सगळी मासळी एका खेपेत वर. तिची चाचणी पाऊस ओसरला की लगेच करायची ठरली, कारण तेव्हा पाणी शांत असतं आणि फोटो चांगले येतात. हे कळल्यावर कोळीवाड्यातून अर्ज आला. खाली चार-पाच सह्या आणि बाकी सगळे अंगठे. मागणं एवढंच होतं, की चाचणी दिवाळीनंतर करा, हे दोन महिने थांबा. या दोन महिन्यांत तळ खरवडलात तर शिंगाळ्याचं बी बुडेल आणि आमचं पोटही. साहेबांनी अर्ज माझ्याकडे सरकवला आणि शास्त्रीय अभिप्राय द्या म्हणाले. शास्त्र म्हणजे माझे तक्ते. मी लिहून टाकलं, की नर त्या काळात खाडीत नसतातच, माद्यांनी तोवर अंडी टाकलेली असतात, तेव्हा चाचणीनं नुकसान होण्याचा प्रश्न येत नाही. तळटीपसुद्धा दिली.

अर्ज घेऊन आलेला नाखवा साठीच्या पुढचा होता. त्याची स्वतःची डोलीची होडी होती आणि वाड्यात त्याच्या शब्दाला मान होता. पायऱ्यांवर बसून मी मासे फाडत असे तेव्हा तो पुष्कळदा येताजाता बघत उभा राहायचा. तीन वर्षांत त्यानं मला एक शब्दही विचारला नव्हता आणि मीही त्याला विचारला नव्हता. मी काय म्हणून विचारणार? अंगठा उठवणाऱ्या माणसाला बी.एस्सी. झालेल्यानं मासा कसा असतो ते विचारायचं, ही कल्पनाच मला शिवली नाही. अर्ज देऊन गेल्यावर दोन दिवसांनी तो परत आला आणि एकदा होडीवर चला म्हणाला. मी गेलो, पण त्याच्या शब्दाखातर नव्हे. साहेबांना प्रदर्शनासाठी बरणीत ठेवायला एक नर हवा होता आणि तो मला पायऱ्यांवर मिळत नव्हता; म्हटलं, एखादा मागे राहिलेला डोलीत सापडला तर बघू.

बूट काढून हातात घेतले, पँट गुडघ्यावर दुमडली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्या गाळात पाय घातला. नाखव्यानं हात दिला. पाण्याची ओढ मंदावल्यावर त्याच्या माणसांनी डोल वर घेतली, पण होडीत नाही. होडीच्या कडेला, पाण्यातच धरून ठेवली. नाखवा ओणवा झाला आणि कोपरापर्यंत हात घालून मासे चाचपू लागला. त्यातून त्यानं एक शिंगाळा दोन्ही हातांनी धरून वर आणला, तोही असा की डोकं पाण्याबाहेर येऊ नये. जबडा फुगलेला होता. अंगठ्यानं त्यानं तो जरासा उघडून मला वाकायला सांगितलं.

तोंड अंड्यांनी गच्च भरलेलं होतं. खेळायच्या गोटीएवढी पिवळी अंडी. एक-दोन अंड्यांत तर आतलं पिल्लू दिसत होतं, वळलेलं, काळ्या डोळ्यांचं, आणि ते हलत होतं.

"ह्यो बापूस हाय," नाखवा म्हणाला. "आयस अंडी देते नि जाते. ह्यो तोंडान घेऊन तलाला बसतो. पोरां मोठी होईपरत काय खात नाय. मंग तुमचे गलाला तो कसा लागणार, सायब?"

त्यानं तो मासा जाळ्याबाहेर पाण्यात सोडला आणि पुढचा चाचपायला लागला. त्या दिवशी त्यानं असे कितीतरी सोडले. ती त्यांच्या वाड्याची जुनी रीत होती. नारळी पौर्णिमेपासून दिवाळीपर्यंत भरल्या तोंडाचा शिंगाळा होडीत घ्यायचा नाही. होडीत आपटला की तो भीतीनं अंडी थुंकून टाकतो, आणि मग बाप गेला, पोरंही गेली. कुणी चोरून आणलाच, तर बाजारात त्याच्या बायकोला बायका टोपली मांडू देत नसत. म्हणून डोलीचे नर बंदरावर येत नव्हते आणि उपाशी असल्यामुळे गळालाही लागत नव्हते. खाडी सोडून ते कुठंच गेले नव्हते. माझ्या पायऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर, गाळात, तोंड मिटून बसले होते.

खरी लाज पुढेच आहे. होडीत बसल्या बसल्या मला आठवलं, की हे मी वाचलेलं आहे. माझ्या बी.एस्सी.च्या पुस्तकात माशांच्या प्रकरणात ही माहिती चांगली दोन ओळी दिलेली होती. चित्र परदेशी माशाचं होतं, नाव लॅटिन होतं, आणि मी ते पाठ करून परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण पुस्तकातला मासा तो पुस्तकातला आणि ठाण्याच्या बंदरावरचा घाणेरडा शिंगाळा तो शिंगाळा. दोघांचा काही संबंध असेल हे मला तीन वर्षांत एकदाही सुचलं नाही. आमच्यासारख्यांचं शिक्षण हे असं. शिकलेलं सगळं परीक्षेपुरतं, आणि डोळ्यापुढचं ते शिकण्याच्या लायकीचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. ते रागावतील अशी माझी अपेक्षा होती. तसं झालं असतं तर मला निदान हुतात्मा तरी होता आलं असतं. ते शांतपणे म्हणाले, की असू शकेल, पुस्तकात आहेच तसं. मग त्यांनी माझा अभिप्राय माझ्यापुढे ठेवला आणि कोरा कागदही ठेवला.

"बदला ना. पण मग तुमचे तीन वर्षांचे तक्ते चुकीचे होते, असं सहीनिशी लिहून द्यावं लागेल. कायम करायची यादी सोमवारी वर जातेय. तुम्ही ठरवा."

म्हणजे त्यांनी मला अडवलं नाही. माणसाची पारख त्यांना माशांपेक्षा चांगली होती. मी कोरा कागद समोर घेऊन दुपारपर्यंत बसलो. आई-वडिलांचा विचार केला, धाकट्या बहिणीच्या लग्नाचा केला, देशाच्या अन्नटंचाईचाही केला. भेकड माणसाला त्या वेळी कारणांचा तोटा पडत नाही. मग जुन्याच अभिप्रायावर सही केली आणि चहा मागवला.

दोन दिवसांनी नाखवा कचेरीत आला. एकटाच. साहेब मुंबईला गेले होते. त्याच्या हातात एक नारळ होता. तो त्यानं टेबलावर ठेवला आणि म्हणाला, की बायको मासळी देत होती, पण तुमच्याकडं चालत नाही म्हणून हा आणला. मग उभ्यानंच त्यानं विचारलं, की अर्जावर काय लिहिलंत ते वाचून दाखवा. दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यातली पंचवीस-तीस माणसं मुंबईला मोठ्या साहेबांकडे जाणार होती. तुम्ही आमच्या बाजूनं लिहिलं असेल तर जायला नको, एक दिवसाचं पाणी, म्हणजे दिवसाची मासळी, फुकट जाते, असं त्याचं म्हणणं होतं.

अभिप्रायाची प्रत माझ्यासमोरच पडलेली होती. इंग्रजीत. मी ती उचलली, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मराठीतून वाचायला लागलो. शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात घेऊन खाडीच्या तळाशी राहतो. त्या काळात तो काही खात नाही. तळ खरवडणाऱ्या जाळ्यात तो सापडला तर अंड्यांसकट नष्ट होतो. कोळीवाड्याची रीत शास्त्राला धरून आहे. सबब दिवाळीपर्यंत चाचणी करू नये. 'सबब' हा शब्द मी मुद्दाम घातला, म्हणजे सरकारी वाटावं. ओळ संपली की बोट खालच्या ओळीवर नेत होतो. कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं.

हे मी का केलं, याची पुढे मी स्वतःला पुष्कळ गोंडस उत्तरं दिली. मला त्याला दुखवायचं नव्हतं, वगैरे. ते सगळं खोटं आहे. त्यानं माझ्याकडे चांगल्या नजरेनं बघत त्या खोलीतून बाहेर जावं, एवढंच मला हवं होतं. एक मिनिटभर मला भला माणूस व्हायचं होतं आणि त्याचा खर्च त्याच्या वाड्यानं करायचा होता.

त्यानं मान डोलावली, दोन्ही हात जोडले आणि गेला. मुंबईला कुणी गेलं नाही. नारळ मी घरी नेला. आईनं तो धुऊन घेतला आणि त्याच्या वड्या केल्या.

आठवड्याभरात मोटरबोट चाचणीला निघाली. मला वजनं लिहायला बरोबर घेतलं होतं. साहेबही होते, कारण फोटोग्राफर होता. खाडीच्या तोंडाशी जाळं तळाला सोडलं, तासभर ओढलं आणि यंत्रानं वर घेतलं. गाठ सोडल्याबरोबर सगळी मासळी फळ्यांवर धाडकन कोसळली. त्यात शिंगाळेच शिंगाळे, मोठ्या डोक्याचे, फुगलेल्या जबड्यांचे. आणि मग ते थुंकायला लागले. बघता बघता सगळ्या फळ्या पिवळ्या झाल्या. अंडी घरंगळत होती, खलाशांच्या पायांखाली फुटत होती. फुटलेल्यांतली पिल्लं चिखलात वळवळत होती. एक खलाशी घसरून पडला आणि बाकीचे हसले. साहेबांनी विचारलं, हे पिवळं काय आहे? मी म्हणालो, शिंगाळ्याची अंडी. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, बूट वाचवत दोन पावलं मागे सरकले आणि फोटोग्राफरला म्हणाले, की आधी हे जरा धुऊन घ्या. बादल्यांनी पाणी मारून ते सगळं खाडीत ढकललं. मग फोटो झाले. मी वजनं लिहिली. चाचणी उत्तम यशस्वी झाली आणि महिनाअखेर मी कायम झालो.

कोळ्यांच्या होड्या लांबवर उभ्या होत्या. कुणी ओरडलं नाही, कुणी आडवं आलं नाही. त्या सकाळी ते मुंबईला गेले असते तर ही बोट थांबली असती का, हे मला माहीत नाही. कदाचित नसतीही. पण जायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं होतं, आणि ते मी ठरवलं होतं.

संध्याकाळी बोट बंदराला लागली. पायऱ्यांवर गर्दी होती, पण ती बाजूला झाली आणि मला वर जायला वाट दिली. नाखवा वरच्या पायरीवर बसलेला होता. मी मान खाली घालून जाणार होतो, पण पाय त्याच्यापाशी थांबले. तो शिव्या देईल, थुंकेल, निदान उठून जाईल असं मला वाटलं. त्यातलं काहीच त्यानं केलं नाही. तो माझ्या हातातल्या वहीकडे बघत होता.

"त्या दिसा तुमी वाचलंत ता बेस व्हता, सायब," तो म्हणाला. "ताच लिवाचा व्हता."